दिव्याखाली पान पिवळं पडतं तेव्हा

कुंडी दिव्याखाली असताना पानाच्या रंगावरून निदान करू नये. बाजारातल्या अनेक स्वस्त एलईडी पॅनलमध्ये तांबडे आणि निळे असे दोनच प्रकारचे डायोड असतात आणि दोन्ही मिळून खोलीत जांभळा उजेड पडतो. त्या उजेडात हिरवा रंग जवळजवळ नसतोच. त्यामुळे निरोगी पान काळपट दिसतं, पिवळसर पान गुलाबी-करडं दिसतं, आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग फिकटला आहे का, ही सगळ्यात मोलाची खूण डोळ्यांना दिसतच नाही. मोबाइलवर काढलेला फोटो तर आणखी दिशाभूल करतो. दिवा बंद करून कुंडी खिडकीशी न्यावी. ते जमत नसेल तर पांढऱ्या टॉर्चच्या उजेडात पान वरून पाहावं, उलटून पाहावं आणि टॉर्च मागे धरून आरपार पाहावं. पांढऱ्या एलईडीखाली ही अडचण कमी असते, तरी पिवळसर छटेचा दिवा असेल तर त्याचा रंग पानावर चढतोच.

इतकं बारकाईनं पाहायचं कारण असं, की पान पिवळं दिसलं की हात आपसूक खताच्या डब्याकडे जातो. घरातल्या कुंडीत मात्र पुष्कळदा खत कमी पडलेलं नसतं. अन्नद्रव्य कुंडीत असतं पण मुळांना घेता येत नाही, किंवा मुळांनी घेतलं तरी शेंड्यापर्यंत पोचत नाही, किंवा एकाच्या गर्दीत दुसऱ्याला आत शिरायला वाव मिळत नाही. अशा वेळी आणखी खत टाकलं की दुखणं वाढतं. आधी कुठलं पान बिघडलंय ते पाहावं, मग उजेड, हवा आणि पाणी तपासावं, आणि खत कमी आहे का हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्यावा.

झाडाला लागणारी मूलद्रव्यं १७ मानली जातात. त्यांतली कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवा-पाण्यातून मिळतात, उरलेली १४ मुळांवाटे यावी लागतात. निदानाच्या दृष्टीनं या १४ जणांचे दोन गट पडतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम यांना झाड एका जागेवरून काढून दुसरीकडे नेऊ शकतं. तुटवडा झाला की झाड खालच्या जून पानांतून ती काढून घेतं आणि शेंड्याच्या कोवळ्या पानांना देतं. म्हणून यांची कमतरता खालून वर चढते. कॅल्शियम, लोह, बोरॉन, मँगनीज, तांबं यांचं तसं नाही. एकदा पानात जाऊन बसली की ती तिथून फारशी हलत नाहीत. पुरवठा तुटला की जुनी पानं हिरवीगार राहतात आणि नवं येणारं पान उपाशी जन्मतं. गंधक अधलंमधलं आहे, पण त्याची खूण बहुधा नव्या पानांवरच उमटते. जस्ताचंही साधारण तसंच.

‘जुनं पान की नवं?’ एवढ्या एका प्रश्नानं अर्धी यादी बाद होते. तरी लोक झाडाकडे लांबून बघतात आणि ‘पिवळं पडलंय’ एवढंच सांगतात. खालून मोजत कितवं पान, कडा आधी की मधला भाग, शीर हिरवी आहे की तीही पिवळी, हे सांगता आलं तर पुढचं बरंच काम सोपं होतं.

नत्राची खूण सगळ्यात सरळ. खालचं पान शिरांसकट एकसारखं फिकं होतं, मग पिवळं, मग गळतं, आणि सगळी वाढ खुरटते. पण दाट लावलेल्या रॅकवर याची नक्कल करणारी एक साधी गोष्ट घडते. दिवा वरून एकाच दिशेनं येतो. उन्हासारखा तो दिवसभर फिरत नाही. वरची पानं पसरली की खालची कायमची सावलीत जातात, आणि झाड त्या पानांतलं नत्र काढून घेऊन ती टाकून देतं. बाकी झाड जोमात असेल आणि अगदी तळाची एक-दोन पानंच पिवळी असतील, तर ती पूर्ण पिवळी झाल्यावर काढून टाकावीत आणि पुढे जावं.

मॅग्नेशियमची खूण पाहायला मिरचीचं पान घ्यावं. खालून तिसऱ्या-चौथ्या पानावर ती आधी दिसते. मधली जाड शीर आणि तिला फुटलेल्या बाजूच्या शिरा हिरव्या राहतात. प्रत्येक शिरेच्या दोन्ही अंगांना हिरवी पट्टी राहते, आणि दोन शिरांमधली जागा पिवळी पडत जाते. पिवळेपणा कडेकडून आत सरकतो, त्यामुळे देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटपर्यंत हिरवा असतो. टॉर्च मागे धरली की हे जाळं लख्ख दिसतं. पान अजून मऊ आणि जिवंत असतं. तपकिरी ठिपके नंतर येतात. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला नत्राचे चार अणू धरून असतात. या दोघांपैकी काहीही तुटलं तर पिवळेपणा येतो तो यामुळेच. लिंबाच्या पानावर हीच कमतरता देठाकडे हिरव्या बाणाच्या टोकासारखी दिसते.

पालाश कमी पडला तर जुन्या पानाची कड करपते. इथे घोटाळा होण्याची शक्यता मोठी, कारण क्षार जास्त झाले तरी कडा आणि टोकंच करपतात. दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत. कुंडीच्या काठावर किंवा मातीच्या वर पांढरा थर दिसत असेल तर आधी क्षारांचा संशय घ्यावा. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा ईसी मीटर असेल तर कुंडीच्या तळातून निथळलेलं पाणी मोजावं. आपण घातलेल्या पाण्यापेक्षा त्याची ईसी बरीच जास्त असेल तर कुंडीत क्षार साठलेत, आणि त्यावर इलाज साध्या पाण्यानं धुणं हाच.

स्फुरदाच्या नावावर जांभळेपणा खपवला जातो. पानाचा खालचा भाग, देठ, खोड जांभळं झालं की लोक स्फुरदाचं खत आणतात. पण निळ्या उजेडाचं प्रमाण जास्त असलेल्या दिव्याखाली अनेक झाडं आपणहून जांभळा रंग तयार करतात. तुळशीच्या आणि लेट्यूसच्या काही जातींत तर तो मुळातच असतो. मुळं गार पडली तरी असं होतं. वाढ नीट चालू असेल तर जांभळ्या देठाची काळजी करायचं कारण नाही.

आता नवी पानं. लोहाच्या कमतरतेत शेंड्याचं पान पिवळं येतं आणि त्यावर हिरव्या शिरांचं अगदी बारीक, रेखीव जाळं असतं. दुखणं वाढलं की जाळंही पुसलं जातं आणि पान जवळजवळ पांढरं होतं. महाराष्ट्रात चुनखडीच्या जमिनीत भुईमूग आणि ऊस असाच पिवळा-पांढरा पडतो, हे शेतकरी घरातल्या वाचकांनी पाहिलेलं असेल. त्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, चढलेला असल्यानं ते विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. कुंडीतही बहुतेक वेळा हेच घडतं. मँगनीजची खूण लोहासारखीच पण पुसटशी असते, आणि तिचंही कारण बहुधा सामूच असतो. घरी बसून या दोघांत फरक करण्यात वेळ घालवू नये.

लोहाचा संशय आला तर खात्री करायची एक जुनी आणि सुंदर रीत आहे. १८४४च्या सुमारास युझेब ग्री या फ्रेंच शास्त्रज्ञानं पिवळ्या पडलेल्या द्राक्षवेलीच्या पानांना लोहाच्या क्षाराचं पाणी लावून ती हिरवी करून दाखवली होती. तेच आपण एका पानावर करायचं. लिटरभर पाण्यात दोनेक ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, विरघळवायचं. ते ताजं आणि हिरवट असावं. तांबूस झालेलं असेल तर त्यातलं लोह निकामी झालेलं असतं. रंगाच्या बारीक ब्रशनं पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागावर ते लावायचं आणि दुसरा अर्धा कोरडा ठेवायचा. आठवडाभरात ब्रश फिरवलेल्या बाजूला हिरवे ठिपके किंवा हिरवा पट्टा दिसला तर लोहच कमी आहे. तसं झालं नाही, तर लोहावर पैसे खर्च करू नयेत.

उजेडामुळे बिघडलेल्या पानांची ओळख इथेच करून घेतलेली बरी. दिव्याच्या फार जवळ गेलेली पानं पांढुरकी-पिवळी पडतात आणि ती शेंड्याची असल्यामुळे लोहाची कमतरता वाटते. फरक जागेवरून कळतो. उजेडानं भाजलेली पानं दिव्याच्या बरोबर खाली असतात, मग ती नवी असोत की जुनी. तीच फांदी बाजूला वळलेली असेल तर तिथलं तेवढंच कोवळं पान हिरवं असतं. एलईडीला हात लावून फार चटका बसत नाही म्हणून लोक पॅनल झाडाच्या डोक्याशी आणून ठेवतात, पण पान भाजायला उष्णताच लागते असं नाही, नुसता अतिरेकी उजेडही पुरतो. टोमॅटोचं आणखी एक वेगळेपण आहे. त्याला चोवीस तास उजेड दिला तर पानं पिवळी पडून खराब होतात. दिवसातले सहा-आठ तास तरी पूर्ण काळोख लागतो. शिवाय नुसत्या तांबड्या-निळ्या दिव्याखाली टोमॅटोच्या काही जातींच्या पानांवर बारीक फोड येतात. ते उजेडातल्या रंगांच्या उणिवेमुळे येतात, खतानं जात नाहीत.

उजेड किती पडतो हे मोजायला महाग उपकरण लागतंच असं नाही. पांढऱ्या एलईडीखाली मोबाइलच्या लक्स मीटरचा आकडा घ्यावा आणि त्याला साधारण ७०नं भागावं. झाडाला वापरता येणाऱ्या उजेडाचा, म्हणजे पीपीएफडीचा, ढोबळ अंदाज मायक्रोमोलमध्ये मिळतो. १४,००० लक्स म्हणजे साधारण २००. भर दुपारच्या कडक उन्हात हा आकडा २,०००च्या आसपास जातो, हे ध्यानात असू द्यावं. जांभळ्या दिव्याला हा हिशोब लागू होत नाही, कारण लक्स माणसाच्या डोळ्याप्रमाणे मोजतात आणि आपल्या डोळ्याला हिरवा उजेड सगळ्यात जास्त जाणवतो. आता या २००ला दिवसाचे तास आणि ०.००३६ यांनी गुणलं की दिवसभराचा उजेड मोलमध्ये कळतो. १४ तास दिवा चालला तर सुमारे १० मोल. पालेभाज्या १२ ते १७ मोलवर छान वाढतात, १०वर बऱ्या वाढतात. मिरची, टोमॅटो यांना फळं धरायला २०च्या पुढे लागतात.

हे आकडे खताच्या लेखात कशाला, असं वाटेल. कारण भूक उजेड ठरवतो. दिवा वाढवणं म्हणजे पंगतीत पानं वाढवणं; स्वयंपाक तेवढाच असेल तर कुठला तरी पदार्थ आधी संपणार. उजेड जितका जास्त तितकी वाढ वेगानं होते, आणि मंद उजेडात जी मॅग्नेशियमची किंवा कॅल्शियमची तूट कधी दिसली नसती ती नवा, मोठा पॅनल लावल्यावर पंधरवड्यात उघडी पडते. याच्या उलटही तितकंच खरं आहे. खिडकीतल्या मंद उजेडात लांबट, फिकं झालेलं रोप खत घालून हिरवं होत नाही. त्याला उजेड हवा असतो, आणि घातलेलं खत कुंडीत क्षार होऊन साठतं.

कॅल्शियमवर मला जास्त थांबायचं आहे, कारण एलईडीखाली त्याचं दुखणं सगळ्यात जास्त गैरसमजातलं आहे. लेट्यूसच्या गड्ड्यातल्या आतल्या कोवळ्या पानांची टोकं तपकिरी, जळल्यासारखी होतात. टोमॅटोच्या बुडाशी काळा, बसका डाग पडतो. मिरचीची शेंड्याची पानं वेडीवाकडी, आखडलेली येतात. तिन्हींच्या मागे त्या भागाला पोचलेलं अपुरं कॅल्शियम असू शकतं, आणि तिन्ही वेळा कुंडीत कॅल्शियम पुरेसं असू शकतं.

कॅल्शियम मुळांपासून वर जातं ते पाण्याच्या प्रवाहाबरोबरच. पानं हवेत बाष्प सोडतात, त्या ओढीनं पाणी वर चढतं आणि त्याबरोबर कॅल्शियम येतं. मोठी, उघडी पानं भरपूर बाष्प सोडतात, म्हणून त्यांना भरपूर मिळतं. गड्ड्याच्या आत दडलेलं कोवळं पान आणि टोमॅटोचं फळ बाष्प जवळजवळ सोडतच नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला थोडंच येतं. एकदा मोठ्या पानात जाऊन बसलेलं कॅल्शियम तिथून काढून इकडे देताही येत नाही. आता दिव्याचा विचार करा. जुने सोडियमचे दिवे आणि ऊन, दोन्हींबरोबर अवरक्त किरणं येतात आणि पान तापतं. पांढऱ्या किंवा तांबड्या-निळ्या एलईडीच्या उजेडात अवरक्त किरणं नगण्य असतात. पान खोलीच्या हवेइतकंच किंवा त्याहून थंड राहतं, बाष्प कमी सोडतं, पाणी सावकाश चढतं. उजेड मात्र भरपूर, म्हणून वाढ जोरात. वाढीचा वेग जास्त आणि कॅल्शियमची आवक कमी, अशी तफावत पडते. सोडियमच्या दिव्यांच्या काळातला खोलीच्या तापमानाचा आणि पाण्याच्या पाळ्यांचा सल्ला एलईडीला जसाच्या तसा लावता येत नाही तो यामुळे. एलईडीच्या खोलीत हवा दोन-तीन अंश जास्त ऊबदार चालते.

हवेत आणखी किती बाष्प मावेल याचं एक माप आहे, किलोपास्कलमध्ये; इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला व्हीपीडी म्हणतात. बहुतेक झाडांना ते ०.८ ते १.२च्या दरम्यान मानवतं. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात घरात २८ अंश सेल्सियस आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर ते जेमतेम ०.४ भरतं. पानानं बाष्प सोडायचं तरी कुठे? पावसाळ्यात लेट्यूसची टोकं जळायला लागतात ती अशी. त्यावर कॅल्शियमचं खत हा उपाय नाही, पंखा हा आहे. छोटा टेबल फॅन मंद ठेवून पानं जेमतेम हलतील इतकी हवा रॅकवरून वाहू द्यावी, म्हणजे पानाला चिकटून राहिलेला दमट हवेचा थर निघून जातो. दिव्याचे तास थोडे कमी करून वाढीचा वेग उतरवला तरी फरक पडतो.

मिरचीच्या आखडलेल्या शेंड्याला कॅल्शियमची कमतरता ठरवण्याआधी भिंग घेऊन पानाच्या मागे पाहावंच. चुरडामुरडा झालेली मिरची आपल्याकडे कुणाला नवी नाही, आणि तिच्या मागे फुलकिडे, कोळी किंवा विषाणू असतात. घरात पाऊस नाही, वारा नाही, मित्रकीटक नाहीत. लाल कोळ्याला अशी कोरडी, ऊबदार जागा फार मानवते. पानावर बारीक पिवळे टिपके आणि मागे कोळिष्टक असेल तर तो प्रश्न खताचा नाही.

आता कुंडीत काय भरलंय आणि त्यात काय ओततोय, याकडे वळू. आपल्या शहरांतल्या फ्लॅटमध्ये दिव्याखाली बाग करणाऱ्यांकडे तीन गोष्टी हमखास दिसतात: कोकोपीट, आरओचं पाणी आणि १९:१९:१९ हे खत. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी चांगली आहे, पण तिन्ही एकत्र आल्या की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची तूट जवळजवळ ठरलेली.

कोकोपीट हा नारळाच्या सोडणाचा भुगा. त्याच्या कणांवर मुळात पालाश आणि सोडियम चिकटलेले असतात. आपण कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम घातलं की कोकोपीट ते धरून ठेवतं आणि बदल्यात पालाश-सोडियम सोडतं. धुतलेलं कोकोपीट म्हणजे फक्त सुटे क्षार काढलेलं. चिकटलेले तसेच राहतात. ते घालवायला कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून मग धुवावं लागतं. आरओचं पाणी म्हणजे ज्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियम बहुतांश काढून टाकलेलं पाणी. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातून झाडाला जो फुकटचा पुरवठा होत असतो, तो इथे बंद. आणि १९:१९:१९मध्ये नत्र, स्फुरद, पालाश यांची सारखी मात्रा आहे, पण कॅल्शियम-मॅग्नेशियम नाही. त्यातलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं. शेतातल्या मातीत जिवाणू युरिया फोडतात. नव्या, निर्जीव कोकोपीटमध्ये ते काम हळू चालतं. शिवाय युरियाचं पाण्यात आयन होत नसल्यामुळे ईसी मीटरला तो दिसतही नाही, म्हणून मीटरचा आकडा पाहून ‘खत कमीच आहे’ असं वाटतं आणि चमचा वाढतो. चमचा वाढला की पालाश वाढतो, आणि पालाश वाढला की मॅग्नेशियम आत शिरायला आणखी अडखळतं.

हे टाळायला महागडी बाटली आणायची गरज नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणारं कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट पुरतं. दोन्ही एकाच वेळी १९:१९:१९बरोबर घट्ट द्रावणात मात्र मिसळू नयेत. कॅल्शियमची सल्फेटशी आणि स्फुरदाशी गाठ पडली की पांढरा गाळ खाली बसतो आणि तो झाडाच्या काही उपयोगाचा राहत नाही. सोपी पद्धत अशी, की एका पाण्याला लिटरमागे १ ग्रॅम १९:१९:१९ आणि अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट द्यावं, पुढच्या पाण्याला नुसतं १ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. त्या एका ग्रॅममधून लिटरमागे सुमारे १९० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. रोपं लहान असतील तर सगळं निम्म्यावर आणावं. लोह, बोरॉन वगैरेंसाठी सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त कधीही घालू नये. बोरॉनची गरज आणि बोरॉनची विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं. दर वेळी इतकं पाणी घालावं की थोडंसं तळातून निथळेल, आणि ते बशीत साचू देऊ नये.

सामूचं गणित इथेच येतं. कोकोपीटमध्ये किंवा नुसत्या पाण्यात वाढवताना सामू ५.५ ते ६.५, मातीत ६ ते ७. आरओच्या कोऱ्या पाण्याचा सामू मोजण्यात अर्थ नाही. त्यात काहीच विरघळलेलं नसल्यानं तो कुठेही झुकतो. खत विरघळवून मग मोजावा, आणि निथळलेल्या पाण्याचाही मोजावा. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांचं दुखणं आरओवाल्यांच्या उलट असतं: कॅल्शियम भरपूर, पण पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीचा सामू महिनोन्‌महिने चढत जातो आणि एक दिवस शेंड्याची पानं पिवळी यायला लागतात. सायट्रिक आम्लानं तो तात्पुरता उतरतो, पण जिवाणू सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात आणि सामू पुन्हा चढतो. फॉस्फरिक आम्ल टिकतं. ते मोजून, थेंबांनी, हातमोजे घालून वापरावं. त्याहून सोपं म्हणजे बोअरचं आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं मिसळणं. दोघांचेही दोष एकमेकांत बरेचसे मिटतात.

परदेशातल्या मराठी घरांमध्ये दिव्याखालचं सगळ्यात जपलेलं झाड म्हणजे कढीपत्ता. टोरांटो किंवा न्यू जर्सीत तो उन्हाळाभर अंगणात असतो, गारठा सुरू होण्याआधी घरात येतो आणि वसंतापर्यंत दिव्याखाली राहतो. घरात आल्यावर काही आठवड्यांत त्याची पानं पिवळी पडून गळतात आणि घरभर चिंता पसरते. कढीपत्ता लिंबूवर्गीय कुळातला, उष्ण प्रदेशातला. साधारण १५ अंश सेल्सियसच्या खाली तो वाढ थांबवतो आणि पानं टाकतो. खोलीत हीटिंग असलं तरी खिडकीच्या गार काचेशी किंवा थंड फरशीवर ठेवलेल्या कुंडीतली मुळं त्याहून थंड असू शकतात, आणि गार मुळं लोह व स्फुरद नीट घेत नाहीत. म्हणून थर्मामीटर हवेत धरू नये, कुंडीतल्या मातीत खुपसावा. कुंडी फरशीवरून उचलून लाकडी पाटावर किंवा स्टुलावर ठेवावी. झाड झोपलेलं असताना त्याला खत देऊ नये आणि पाणीही बेतानं, मातीचा वरचा दोन इंच थर सुकल्यावरच द्यावं.

मुळं ऊबदार असतील, दिवा पुरेसा असेल, आणि तरी नवी येणारी पर्णिका हिरव्या जाळीची पिवळी येत असेल, तर मात्र लोहाचाच प्रश्न. बऱ्याच शहरांतलं नळाचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं आणि कुंडीतली माती वर्षानुवर्षं तीच असते. इथे चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूनं धरून ठेवलेलं, लोह घेताना पाकिटावरचं नाव वाचावं. ईडीटीएनं धरलेलं लोह सामू साडेसहाच्या पलीकडे गेला की सुटायला लागतं. ईडीडीएचएनं धरलेलं नऊपर्यंत टिकतं. दुसऱ्याचं पाणी गडद तांबडं होतं आणि ते बघून घाबरायचं कारण नाही. हवेचा प्रश्न तिथे मुंबईच्या उलटा असतो. बाहेर बर्फ असताना तापवलेल्या घरात २१ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असेल तर व्हीपीडी १.९च्या जवळ जातो. पान पाणी गमावतं त्या वेगानं मुळांना देता येत नाही, पर्णिकांच्या कडा वाळतात, आणि पंखा लावला तर आणखी वाळतात. तिथे ह्युमिडिफायर लावावा किंवा झाडं एकमेकांजवळ ठेवावीत. पानांवर पाणी फवारल्यानं मिळणारी आर्द्रता काही मिनिटांतच उडून जाते.

उपाय कुठलाही करा, एका वेळी एकच बदल करावा आणि आठ-दहा दिवस थांबावं. दिवा वर उचलला, खत बदललं आणि कुंडी धुतली, तिन्ही एकाच रविवारी केलं, तर झाड सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्ही करावं लागतं. एकाच जातीची दोन रोपं असतील तर एकावरच उपाय करून दुसरं तसंच ठेवावं. बदल केल्याची तारीख कुंडीवर चिकटपट्टी लावून लिहावी आणि त्या दिवशी शेंड्याला जे सगळ्यात लहान पान होतं त्याच्या देठाशी सैलसा दोरा बांधावा. दोऱ्याच्या खालची पानं बघून निर्णय घेऊ नये. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, आणि कॅल्शियमअभावी वाकडं आलेलं पान वाकडंच राहतं. दोऱ्याच्या वर फुटलेली दोन-तीन पानं चांगली आली तर मात्रा तीच ठेवावी. खालची पिवळी पानंही लगेच खुडू नयेत. त्यांच्यात हिरवेपणा उरलाय तोवर झाड त्यांच्यातून थोडंफार काढून घेत असतं, आणि देठ आपणहून सुटला की ती हातात येतातच.